मेणाच्या पुतळ्यांची सहल

सहल हा शब्द ऐकला की आधी माझं डोकं दुखायला लागतं, मग गुडघे. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सत्तावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर. राहायला मी नाशकात आणि शाळा डोंगरात. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, आधी बस, मग जीप, मग वीस मिनिटं पायी. संध्याकाळी तेच सगळं उलट. एवढं करून कुणी म्हणालं, ‘मॅडम, यंदा मुलांना कुठंतरी नेऊ या,’ की मला वाटतं, मलाच कुठंतरी नेऊन ठेवा आणि परत आणू नका.

शाळेत आम्ही दोघंच. मुख्याध्यापक सर आणि मी. पहिली ते चौथी मिळून एकतीस मुलं. सर माझ्यापेक्षा वयाने लहान, स्वभावाने चांगले, पण भित्रे. वरून कागद आला की त्यांचा चेहरा उतरतो आणि तो पुरता वाचायच्या आधीच ते माझ्याकडे सरकवतात. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या बैठकीत त्यांना कुणीतरी सांगितलं की नाशकात मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम झालंय, अगदी हुबेहूब माणसं उभी केलीत, शाळांना सवलतसुद्धा आहे. सर ते डोक्यात घेऊनच परत आले.

“दरवर्षी आपण लेणी नाहीतर धरण करतो, मॅडम. यंदा वेगळं करू. मुलांनी जन्मात पाहिलं नसेल असं.”

“मुलांनी जन्मात लिफ्ट पाहिलेली नाही, सर. ती दाखवू. पाच मिनिटांत होईल.”

सर हसले, पण सहल ठरली. ते म्युझियम माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर होतं आणि मी स्वतः कधी तिकडे फिरकले नव्हते. रविवारी मला जिवंत माणसंही नकोशी होतात, मेणाची कुठून बघायला जाणार?

मुलांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मेण म्हटल्यावर आमच्या मुलांना मेणबत्ती आठवत नाही, मोहोळ आठवतं. झाडावरचं मोहोळ काढणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यामुळे पहिला प्रश्न आला, एवढ्या माणसांपुरतं मोहोळ त्यांनी आणलं कुठून. दुसरा प्रश्न, त्यांना मुंग्या लागत नाहीत का. तिसरा, उन्हाळ्यात ती वितळतात का आणि मग चेहरा कुणाचा होतो. मी म्हटलं, आत गार हवेचं यंत्र असतं. मग पुतळे कुणाकुणाचे आहेत ते सांगितलं. नट, नट्या, पुढारी, शास्त्रज्ञ, क्रिकेट खेळणारे. क्रिकेटवाल्याला सगळ्यांनी ओळखलं, बाकीच्यांबद्दल कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं.

चौथीतली एक मुलगी या सगळ्यात गप्प होती. गणितात हुशार, बोलायला कमी, आजीजवळ राहणारी. शेवटी तिनं हात वर केला.

“बाई, बस कोणत्या रस्त्यानं जाईल?”

मी वैतागले. म्हटलं, “अगं, पुतळ्यांचं विचार काहीतरी. रस्त्याचं काय घेऊन बसलीस?”

ती बसली खाली. पण तिच्यामागून आणखी दोघा-तिघांनी तेच विचारलं. बस शहरातून जाईल का, पुलाखालून जाईल का, मजुरांच्या नाक्यावरून जाईल का. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि एवढ्या उशिरा पडला म्हणून स्वतःचाच रागही आला.

आमच्याकडे भात निघालं, दिवाळी झाली की पाड्यावरची धडधाकट माणसं खाली जातात. ‘खाली’ म्हणजे नाशिक. कुणी द्राक्षाच्या बागांवर, कुणी इमारतींच्या कामावर. म्हातारी माणसं आणि मुलं वर राहतात. शिमग्याला सगळे परत येतात. सकाळी माझी बस घाट चढत असते तेव्हा मजुरांनी भरलेल्या गाड्या घाट उतरत असतात, हे मी नऊ वर्षं खिडकीतून बघत आलेय. मी ज्या गावातून रोज येते त्या गावात या मुलांचे आईबाप असतात. त्यांना पुतळ्यांचं काय? नाशिक बघायला मिळणार होतं एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

त्या मुलीचे वडील पिंपळगावकडे बागेत होते आणि आई नाशकात एका बांधकामावर. ती चौथीत, म्हणजे आमच्या शाळेतलं तिचं शेवटचं वर्ष.

मग सुरू झालं कागदांचं काम. सहलीचा प्रस्ताव, मुलांची यादी, बसची कागदपत्रं, प्रथमोपचाराच्या पेटीचा फोटो. हे दरवर्षीचंच. पण त्या वर्षी कुठल्याशा सहलीला अपघात झाल्याची बातमी आली होती आणि सरांनी धसका घेतला होता. एरवी संमतीपत्रावर आजीचा अंगठा चालायचा. यंदा सर म्हणाले, आईची नाहीतर वडिलांचीच सही पाहिजे.

“सर, आईवडील खाली आहेत. अकरा मुलांचे.”

“तुम्ही नाशकातच राहता ना मॅडम. होऊन जाईल.”

‘होऊन जाईल’ हे वाक्य ज्या माणसाला स्वतःला काही करायचं नसतं तोच बोलतो. पण मी घेतले कागद पिशवीत. नाही म्हणायलासुद्धा ताकद लागते, आणि डिसेंबरपर्यंत माझी ती संपलेली असते.

वेळापत्रकही मीच केलं. ते जरा नीट सांगायला हवं. आमच्याकडे ध्वजवंदन सोडलं तर कागदावरची कुठलीच वेळ खरी नसते. पालकसभा एक वाजता भरवायची असेल तर सूचनेत अकरा लिहायचं. अकराला भरवायची असेल तर नऊ. लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं, कुणी कुणाला फसवत नाही. नोकरीला लागले तेव्हा मी खऱ्या वेळा लिहायचे आणि दोन-दोन तास एकटी सतरंजीवर बसून राहायचे. मग एका मोठ्या बाईंनी मला शहाणं केलं. त्याप्रमाणे मी लिहिलं, बस सुटण्याची वेळ सकाळी सहा, म्हणजे आठ. म्युझियम सकाळी दहा, म्हणजे बाराच्या आसपास. सरांनी एकदा विचारलंसुद्धा, “दहाला कसे पोचणार आपण?”

मी म्हटलं, “बारा लिहिलं तर दोन वाजतील.”

“तेही खरंच,” म्हणून त्यांनी सही ठोकली.

सह्यांसाठी माझे तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी द्राक्षबागेतली चार कुटुंबं सापडली. दुसऱ्या रविवारी मजुरांच्या नाक्यावर सकाळी सातला जाऊन उभी राहिले. तिथं उभ्या असलेल्या बाईला काय समजतात ते मला दहा मिनिटांत कळलं. एका माणसाने गाडी थांबवून विचारलं, “मावशी, फरशी पुसायला येता का?” मी म्हटलं, “पगार काय देता?” तो माझी पर्स आणि चष्मा बघून चपापला आणि निघून गेला. पण तिथंच मला पाड्यावरचे आणखी सहाजण भेटले. त्यांनी एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या केल्या. कुणी काही विचारलंही नाही. त्यांच्यातल्याच एकाने त्या मुलीच्या आईचा पत्ता सांगितला आणि तिच्या मुकादमाचा नंबर दिला.

तिसऱ्या रविवारी मी तिकडे गेले. मोठी इमारत, सहा मजले उभे राहिलेले, हिरव्या जाळ्या बांधलेल्या. मुकादम भला माणूस होता. त्यानं वर बघून हाक मारली, “ए, तुझ्या पोरीची शाळेची बाई आलीय!”

ती तिसऱ्या मजल्यावरून उतरली. कोपरापर्यंत सिमेंट, डोक्याला फडकं. तिनं मला पाहिलं, माझ्या हातातला कागद पाहिला, आणि शेवटच्या पायरीवरच खाली बसली.

“काय झालं माझ्या पोरीला?”

“काही नाही झालं. अगं, बरी आहे ती.”

“खरं सांगा बाई. काय असंल ते सांगा.”

“अगं खरंच. शाळेत येते रोज. पहिला नंबर आहे गणितात.”

“मंग म्हातारी गेली का?”

मला ती आनंदेल असं वाटलं होतं. तीन रविवार पायपीट करताना मी मनात तेच धरून चालले होते, की आपल्या मुलीचं नाव ऐकून कुणाचा तरी चेहरा फुलेल. तिला पुरता विश्वास बसायला पाच मिनिटं गेली. मग ती म्हणाली, “चांगलं सांगायला एवढ्या लांब कोन येतं, बाई?” मी तिच्याशेजारी त्या पायरीवर बसले आणि तिला सहलीचं सांगितलं.

“मेनाची मानसं?”

“हो.”

“ती कशाला?”

“बघायला.”

“जित्ती मानसं कमी हायेत का बघायला?” आणि ती एकदम हसली. फडक्याचं टोक तोंडाला लावून बराच वेळ हसत होती. भीती उतरल्यावर माणूस असंच हसतं. मीही हसले, कारण माझंही मत तेच होतं.

सही करायच्या आधी ती पिंपापाशी जाऊन हात धुऊन आली, पदराला पुसले. तिसरी शिकलेली होती. एकेक अक्षर काढून तिनं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, रेघेच्या बाहेर न जाता. मग कागद माझ्याकडे न देता वाचत बसली. ओठ हलत होते.

आणि मला ते सुचलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “ते म्युझियम इथून लांब नाही. त्या चौकातून सरळ गेलं की उजव्या हाताला. तू फाटकापाशी ये. मुलगी भेटेल तुला.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “मला आत घेतील?”

“आत नको. फाटकाशी थांब. मी तिला तुझ्याकडे घेऊन येते, मग आत जाऊ आम्ही.”

“किती वाजता?”

कागद तिच्या हातात होता. मी वाकून त्यावरच्या वेळापत्रकावर बोट ठेवलं. “हे काय, दहा वाजता.”

“दहा,” ती म्हणाली. मग मुकादमाला ओरडून सांगितलं, “दादा, त्या दिवशी दहाला मला सुट्टी!” तो म्हणाला, “त्या दिवशी दुपारी स्लॅब हाय.” ती म्हणाली, “स्लॅबच्या आत येते ना मी.” ठरलं.

मी रिक्षात बसले तेव्हा फार बरं वाटत होतं. घरी जाऊन दोन तास झोपले. कागदावरचे दहा म्हणजे आमचे बारा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. असं कसं झालं म्हणून मी स्वतःला पुष्कळ विचारलंय. दमले होते हे खरं, पण दमलेलं माणूस काही वर्षानुवर्षांचा हिशेब विसरत नाही. खरं कारण असं की ती वेळ मी इतक्यांदा लिहिली, टाइप केली, फळ्यावर काढली, की ती माझ्यासाठी वेळ राहिलीच नव्हती. नुसता आकडा होता, नावापुढे ‘श्री’ लिहितात तसा.

सोमवारी मुलीला सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांच्या पाट्या तिनं गोळा केल्या, सगळ्या पुसल्या आणि खोली दोनदा झाडली. पुढचे बारा दिवस ती रोज मला एकच विचारायची, “बाई, ठरलंय ना?” मी म्हणायचे, “ठरलंय.” दोनदा मी तिच्यावर ओरडलेसुद्धा.

सहलीच्या आदल्या रात्री मी पाड्यावरच मुक्काम केला होता. मुलं पाच वाजल्यापासून रस्त्यावर येऊन बसली. तेल लावून चप्प बसवलेले केस, लाल रिबिनी, हातात डबे. बस पावणेआठला आली. चालकाला कुणी काही बोललं नाही, कारण सहा म्हणजे आठ हे त्यालाही माहीत होतं. उलट आपण पंधरा मिनिटं आधी आलो असंच त्याचं म्हणणं होतं. हजेरी, नारळ, फोटो, दोघांना ऐनवेळी शेताकडे जायचं झालं, ते येईपर्यंत थांबणं, असं करत निघायला साडेआठ वाजले. घाटात चौघांनी ओकाऱ्या काढल्या. तीनदा बस थांबवली. पाणी संपलं म्हणून ते भरून घेतलं.

त्र्यंबकला सर म्हणाले, इथून पुढे चाललोच आहोत तर मुलांना कळसाचं दर्शन तरी घडवू. आमची मुलं त्र्यंबकच्या बाजूचीच. त्यांनी तो कळस दर यात्रेला पाहिलेला. पण देवाच्या दारावरून गाडी तशीच पुढे नेली तर सरांना दिवसभर चुकल्यासारखं वाटलं असतं. ते उतरलेसुद्धा, मागोमाग वीस मुलं. चालक चहाला गेला. मी बसमध्येच बसले होते, गुडघे लांब करून. ती मुलगी माझ्या शेजारी. तिनं विचारलं, “बाई, दहा वाजले का?”

मी घड्याळ बघितलं. दहाला पाच कमी होते.

हिशेब डोक्यात आला तो तेव्हा. ती बाई आता तिथं उभी असणार. तिला कुणी सांगितलेलं नाही की कागदावरच्या दहाला काही अर्थ नसतो. आमच्या सभांना ती कधी येत नाही, ती खाली असते. ती कागद वाचते आणि त्यावर लिहिलेलं खरं धरते. जी एकटी वेळेवर येणार होती, तिलाच मी खोटी वेळ दिली होती.

मुकादमाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी उतरून सरांना शोधायला गेले. ते मुलांची रांग लावून सगळ्यांना गंध लावून घेत होते. मी तिथं रस्त्यात त्यांच्यावर ओरडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. ते इतके गोंधळले की स्वतःचं गंध राहून गेलं. पण चालक सापडेना, सापडला तर दोन मुलं सापडेनात. निघायला अकरा वाजून गेले. पुढे शहराच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती. ती मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती आणि प्रत्येक इमारतीकडे बघत होती. किती वाजले हे ती आता विचारत नव्हती, तेच मला जास्त जड जात होतं.

पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. फाटकाशी तिची आई नव्हती.

रखवालदार खुर्चीवरून उठून आला. “हरसूलकडची शाळा का? मॅडम, एक बाई आली होती हो. साडेनऊपासून. प्रत्येक बसला विचारायची, हरसूलची शाळा का, हरसूलची शाळा का. फाटकात बसू देत नाहीत आमच्याकडे, मग समोर उभी होती रस्त्याच्या कडेला.”

“कधी गेली?”

“आत्ता. पंधरा मिनिटं झाली असतील. स्लॅब आहे म्हणाली, एकच्या आत वर चढायचंय.”

“काही निरोप ठेवला?”

“नाही. हातात पिशवी होती काहीतरी. मी म्हटलं, ठेवा माझ्याकडे, मी देतो. तर म्हणे, नको, माझ्याच हातानं देईन.”

मुलगी माझ्यामागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी पुन्हा फोन लावला. या वेळी मुकादमाने उचलला. मागे यंत्राचा मोठा आवाज येत होता. तो म्हणाला, “मॅडम, चालू झालं काम. आता सात वाजेपर्यंत कोणाला खाली सोडता येत नाय. घमेल्यांच्या साखळीत उभी हाय ती.” मी म्हटलं, पाच मिनिटं, मी मुलीला घेऊन रिक्षाने येते. तो म्हणाला, “आणाल हो, पण ती खाली नाय यायची आणि पोरीला वर नाय आणता यायचं. सकाळची सुट्टी दिली ना मी? तीन तास दिली.” त्याचंही बरोबर होतं. चूक सबंध माझी होती.

“चल आत,” मी तिला म्हटलं. ती आली. बोट धर म्हटलं तर बोट धरलं.

पुतळे चांगले होते असं सगळे म्हणाले. गारठा होता, मंद दिवे होते, गाणी लावलेली होती. मुलं आधी घाबरली, मग हात लावू नये अशा पाटीच्या खाली उभं राहून हात लावायला लागली. एका पहिलीतल्या पोरानं शास्त्रज्ञाला नमस्कार केला. सरांनी क्रिकेटवाल्याच्या खांद्याला खांदा लावून चार फोटो काढून घेतले, एकात डोळे मिटले म्हणून पाचवा. मी एकेक मूल मोजत होते आणि गुडघे दुखत होते. ती मुलगी एका नटीच्या पुतळ्यासमोर थांबली होती.

“बाई, ही कवापासून हुबी हाय?”

“झालं असेल एखादं वर्ष.”

“बसत नाय?”

“अगं, मेणाची आहे ती. कशी बसेल?” माझा आवाज चढला. ती पुढे सरकली. मला तिच्यावर ओरडायचं नव्हतं. पण दिवसभराचा राग कुणावर तरी निघतो आणि तो नेहमी हाताशी असलेल्यावरच निघतो.

बागेत डबे खाल्ले. चालकाला संध्याकाळी लग्नाचं भाडं होतं, तो घाई करत होता. या वेळी मात्र त्याने सांगितलेली वेळ बरोबर पाळली गेली. तीनला बस निघाली.

गंगापूर रस्त्याचं वळण गेल्यावर ती मागच्या बाकावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

“बाई, माझी आय किती वेळ हुबी होती?”

थोडाच वेळ, असं म्हणावंसं वाटलं. तिला कमी वाईट वाटेल, मलाही. पण त्या दिवशी आणखी एक खोटी वेळ सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.

“तीन तास.”

“तीन?”

“हो. साडेनऊ ते साडेबारा.”

ती बोटांवर तास मोजत बसली. मग बाकावर गुडघे टेकून उभी राहिली, मागे वळली आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, “ए, माझी आय तीन तास हुबी होती! माझ्यासाठी!”

एकजण म्हणाला, “तीन तास म्हंजे शाळा भरल्यापासून खिचडीपर्यंत.” ती म्हणाली, “हां. तेवढा.” तिचा चेहरा इतका उजळलेला मी वर्गात कधी पाहिला नव्हता. तिच्या हिशेबात तो दिवस चांगला गेला होता. मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि रडले. सरांनी पाहिलं. त्यांना वाटलं, मला बस लागतेय. त्यांनी लिंबू दिलं.

शिमग्याला पाडा पुन्हा भरला. होळीच्या दुसऱ्या दिवशी ती आई शाळेत आली. धुतलेलं लुगडं, मुलगी कडेला चिकटून. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलावं असंच मला वाटत होतं. ती दारातच उभी राहिली, आत येईना.

“बाई, त्या दिवशी माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मी लवकर आले वाटतं. घड्याळ नाय ना माझ्याकडं. तुमी पोरांना घेऊन आल्या आन मीच निघून गेले. तुमाला वाईट वाटलं असंल.”

मी तिला आत ओढलं, खुर्चीवर बसवलं. आणि सांगून टाकलं. तुझं काही चुकलं नाही. आम्ही दहाला येणारच नव्हतो. आमचं बाराचंच ठरलेलं होतं. तू वेळ विचारलीस आणि मी दहा सांगितलं, ती चूक माझी.

ती ऐकत राहिली. रागावली नाही. समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, वर्गात एखादं गणित अडल्यावर मुलं बघतात तशी बघत होती.

“पन कागदावर दहा लिवलं होतं,” ती म्हणाली. “मी वाचलं ना.”

“हो. लिहिलं होतं.”

“बाराला येनार होता, तर दहा कशाला लिवलं?”

मी शिकवण्यात आयुष्य घालवलेली बाई. मुलगी आईच्या मांडीला टेकून उभी होती आणि दोघी माझ्याकडे बघत होत्या.